एक साडी, दोन गिऱ्हाइकं!

दिवाळीची सुट्टी संपली की आम्ही शिक्षक एक निबंध हमखास लिहायला देतो. 'मी दिवाळीची सुट्टी कशी घालवली?' तुम्ही तो लिहून लिहून कंटाळला असाल आणि आम्ही तो तपासून तपासून! पण मागे एकदा चौथीच्या वह्या तपासताना एका वाक्यापाशी माझं लाल पेन थांबलं. एका मुलीने लिहिलं होतं, "आमच्या दुकानात एक साडी होती. ती दोन बायकांनी विकत घेतली. म्हणून बाबा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नीट जेवले नाहीत."

मला वाटलं, पोरीचं गणित चुकलं. एकातून दोन जात नाहीत, हे आपण दुसरीतच शिकतो. मी तिला जवळ बोलावून विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, गणित बरोबर आहे. तुम्ही दुकानात येऊन आजीला विचारा."

दुकान नागपूरच्या इतवारीत. गल्ली एवढी अरुंद की समोरून हातगाडी आली तर आपण दुकानाच्या पायरीवर चढायचं. दुकान लहानसंच, पण साड्या हातमागाच्या. गादीवर आजी बसलेल्या. मी विचारताच त्यांनी कपाळावर हात मारला.

"काय सांगू मॅडम! एकच लुगडं होतं, अन् दोघींले विकलं. एक पुण्याची, एक हैदराबादची. आता सांगा, कोणाले देऊ अन् कोणाले नाही म्हणू? तुमच्या भाऊसाहेबांनं तीन बाजारात दुकान मांडलं ना!"

### तीन बाजारांत एक दुकान

हे तीन बाजार म्हणजे बुधवार बाजार किंवा सक्करदऱ्याचा बाजार नव्हेत बरं का! हे इंटरनेटवरचे बाजार. तुमच्या घरी मोबाइलवरून वस्तू मागवतात, तेच. पुष्कळ मुलांना वाटतं, की अशा बाजारातली प्रत्येक वस्तू त्या मोठ्या कंपनीचीच असते. तसं नसतं. कंपनी फक्त बाजाराची जागा देते. त्या जागेवर हजारो लहानमोठे दुकानदार आपला माल मांडतात. ॲमेझॉनने भारतात असा बाजार जून २०१३ मध्ये सुरू केला. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ सालची. सुरुवातीला ती स्वतःच पुस्तकं विकायची. २०१३ मध्ये तिनेही इतर दुकानदारांना आपलं दार उघडलं. त्याच्याही आधी, २००० साली, मुंबईत 'बाझी डॉट कॉम' नावाचा इंटरनेटवरचा बाजार निघाला होता. तो २००४ मध्ये अमेरिकेच्या 'ईबे' कंपनीने विकत घेतला.

आता दुकानदाराच्या जागी तुम्ही आहात असं समजा. तुम्ही एकाच बाजारात दुकान लावाल, की तीन बाजारांत? तीन बाजारांत लावलं तर गिऱ्हाईक तिप्पट मिळेल, नाही का? या विद्यार्थिनीच्या बाबांनीही तोच विचार केला. खऱ्या बाजारात एक साडी एकाच दुकानाच्या दोरीवर टांगता येते. पण इथे तर साडीचा फोटो टांगायचा असतो! कपड्याला जे जमत नाही ते फोटोला जमतं. एकच साडी तिन्ही बाजारांत एकाच वेळी दिसू लागली.

जुन्या पद्धतीत आजी वही ठेवायच्या. साडी विकली की वहीत तिच्यावर काट. दुकान एक, वही एक, पेन एक. चूक व्हायला जागाच नाही. नव्या पद्धतीत एका बाजारात साडी विकली, की बाबांनी स्वतः उरलेल्या दोन बाजारांत जाऊन तिथला आकडा एकाचा शून्य करायचा. दिवसाला दोन ऑर्डरी येत होत्या तोवर हे जमलं. दिवाळीच्या आठवड्यात दिवसाला चाळीस येऊ लागल्या. त्या संध्याकाळी बाबा पार्सलं बांधत बसले होते. पुण्याच्या बाईंची ऑर्डर आली आणि दुसऱ्या बाजारात शून्य करायचं राहून गेलं. अर्ध्या तासाने तीच साडी हैदराबादच्या बाईंनी घेतली. पैसेही भरले.

ती साडी विणायला विणकराला आठ दिवस लागले होते. दुसरी आणायची कुठून? शेवटी हैदराबादची ऑर्डर रद्द करावी लागली. त्या बाईंनी लिहिलं, की साडी आईला भाऊबीजेच्या आधी द्यायची होती, आता काय देऊ? आणि पाचांपैकी एकच चांदणी दिली. बाजाराच्या नियमाप्रमाणे ऑर्डरी रद्द करणाऱ्याचा माल खाली ढकलला जातो. तसा बाबांचाही ढकलला गेला. ऐन दिवाळीत ऑर्डरी निम्म्यावर आल्या. पण बाबांना सगळ्यात जास्त लागली ती दुसरीच गोष्ट. "आमच्या आजोबांपासून दुकान आहे मॅडम," ते म्हणाले, "हो म्हणून नाही म्हटलं, असं कधी झालं नव्हतं."

अशी चूक लहान दुकानदारच करतो असं मात्र समजू नका. ६ ऑक्टोबर २०१४ रोजी फ्लिपकार्टने 'बिग बिलियन डे' नावाचा मोठा सेल लावला. एवढी गर्दी लोटली, की त्यांचे संगणक अडखळू लागले, कित्येक वस्तू बघता बघता संपल्या आणि घेतलेल्या ऑर्डरी रद्द कराव्या लागल्या. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या संस्थापकांनी ग्राहकांची जाहीर माफी मागितली.

### वही सांभाळणाऱ्या कंपन्या

मग यावर उपाय काय? उपाय आजींच्याच वहीत आहे! बाजार कितीही असोत, वही एकच हवी. फक्त ती कागदाची नको, संगणकातली हवी आणि तिने स्वतःच सगळ्या बाजारांत निरोप पोचवायला हवा.

अशी वही बनवणाऱ्या कंपन्या जगात आहेत. त्या साड्या विकत नाहीत, बूट विकत नाहीत, बाजारही भरवत नाहीत. त्या फक्त दुकानदाराला सॉफ्टवेअर देतात आणि त्याबद्दल महिन्याला किंवा दर ऑर्डरीमागे पैसे घेतात. अमेरिकेत 'चॅनलअ‍ॅडव्हायझर' ही अशी कंपनी २००१ मध्येच निघाली होती. आपल्याकडे इंटरनेटवरचे बाजार वाढू लागले तशा इथेही निघाल्या. दिल्लीजवळच्या गुरुग्रामची 'युनिकॉमर्स' २०१२ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईच्या शेअर बाजारात तिची नोंद झाली. त्याच सुमारास आपल्या शेजारच्या गोव्यातही एक कंपनी निघाली. तिचं नाव मोठं गमतीचं होतं, 'ब्राऊनटेप'! पार्सलाच्या खोक्याला लावतात ती तपकिरी चिकटपट्टी तुम्ही पाहिली असेल. तेच हे नाव. एकाच दुकानदाराचा माल आणि ऑर्डरी अनेक बाजारांत सांभाळणं हेच तिचं काम.

या कंपन्यांत कोण असतं? प्रोग्राम लिहिणारे असतात. लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधून काढणारे असतात, म्हणजे एका अर्थी वह्या तपासणारेच! आणि दिवाळीच्या रात्री घाबरलेल्या दुकानदाराचा फोन उचलून त्याला धीर देणारेही असतात.

### एकच पेन

ही संगणकातली वही चालते कशी, ते पाहू.

पोस्टात खिडकी असते ना? आपण आत जात नाही. खिडकीतून ठरलेला फॉर्म देतो आणि आतून पावती मिळते. प्रत्येक इंटरनेट बाजाराने अशीच एक खिडकी ठेवलेली असते. तिला 'एपीआय' म्हणतात. या खिडकीवर माणूस उभा राहत नाही, दुसरा संगणक उभा राहतो. दुकानदाराचं सॉफ्टवेअर दर थोड्या वेळाने तिन्ही बाजारांच्या खिडक्यांवर जातं आणि विचारतं, "नवी ऑर्डर आली का?" एका खिडकीवर ऑर्डर मिळाली, की वहीतला आकडा कमी करतं आणि बाकीच्या खिडक्यांवर जाऊन सांगतं, "ही साडी संपली हो, फोटो उतरवा!"

पण समजा, दोन ऑर्डरी अगदी एकाच क्षणी वहीपाशी आल्या तर? आपल्या वर्गातल्या वाचनालयाची आठवण करा. पुस्तक एक, घेणारे दोघे. मी नोंदवहीला दोरीने एकच पेन बांधून ठेवते. ज्याच्या हातात पेन तो नोंद करणार. त्याचं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं आणि मग वहीत पाहायचं, पुस्तक उरलंय का? संगणकही असंच करतो. एक नोंद पुरी होईपर्यंत त्या ओळीला कुलूप लावतो. दुसऱ्याला थांबावं लागतं. त्यामुळे आकडा शून्याच्या खाली जात नाही.

तरी एक अडचण उरतेच. वही आणि बाजार यांच्यामध्ये निरोप पोचायला थोडा वेळ लागतो, कधी सेकंद, तर कधी काही मिनिटं. तेवढ्यात कोणी साडी घेतलीच तर? म्हणून शहाणे दुकानदार थोडा माल राखून ठेवतात. दहा साड्या असल्या तर बाजारात आठच दाखवतात. पाहुणे येणार म्हटल्यावर आई दोन पोळ्या जास्त लाटून ठेवते, तसंच हे.

### इतवारी ते हैदराबाद

ऑर्डर आल्यावर सॉफ्टवेअरचं काम संपत नाही, खरं तर सुरू होतं. आधी बिल. समजा साडी २,००० रुपयांची आहे. साडीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १०० रुपये. साडी नागपूरहून पुण्याला गेली, तर राज्यातल्या राज्यात म्हणून ५० रुपये केंद्र सरकारचे आणि ५० रुपये महाराष्ट्र सरकारचे, असं बिलावर वेगवेगळं लिहावं लागतं. तीच हैदराबादला गेली, की राज्य बदललं! मग १०० रुपयांचा एकच कर लिहायचा. रक्कम तीच, लिहिण्याची रीत निराळी. चाळीस बिलांत हे हाताने करताना डोकं फिरेल. सॉफ्टवेअर पत्ता पाहून आपोआप करतं.

पत्ता पाहतं म्हणजे काय पाहतं? पिनकोड! हा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला आणि तो तयार केला एका मराठी माणसाने. त्यांचं नाव श्रीराम भिकाजी वेलणकर. ते टपाल खात्यात मोठे अधिकारी होते आणि संस्कृतात कविता आणि नाटकंही लिहीत. एकाच नावाची गावं अनेक, पत्ते निरनिराळ्या भाषांत, अक्षर वाचता येत नाही, अशा गोंधळातून वाट काढायला त्यांनी सहा अंक दिले. पहिला अंक देशाचा विभाग सांगतो. आपला ४. पहिले तीन अंक जिल्ह्यापर्यंत नेतात. नागपूरचे ४४०, पुण्याचे ४११, हैदराबादचे ५००. शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे. नागपूरच्या मुख्य पोस्ट ऑफिसचा पिनकोड ४४०००१. वेलणकरांच्या वेळी पत्रं होती, पार्सलं हाताने लावली जात. आज संगणक तेच सहा अंक वाचून ठरवतो, की पार्सल कोणत्या कुरिअरला द्यायचं, किती दिवस लागतील आणि खर्च किती येईल.

मग पार्सलावर चिकटवायची चिठ्ठी छापली जाते. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यांना बारकोड म्हणतात. वाटेत जिथे जिथे पार्सल थांबतं तिथे त्या पट्ट्या वाचल्या जातात आणि 'तुमचं पार्सल निघालं' असा निरोप तुमच्या मोबाइलवर येतो. शेवटी बाजाराकडून पैसे येतात. ते कमिशन आणि पाठवणीचा खर्च कापून येतात. प्रत्येक ऑर्डरीचे बरोबर आले का, हेही वहीच ताडून पाहते. आणि साडी परत आली तर ती पुन्हा विकण्याजोगी आहे की डाग पडलाय, ते मात्र माणसानेच घडी उलगडून पाहायचं.

### माशीच्या पुस्तकाची गोष्ट

आता तुम्ही म्हणाल, एवढं छान सॉफ्टवेअर असलं म्हणजे काळजीच मिटली! थांबा. दोन खऱ्या गोष्टी सांगते.

पहिली २०११ सालची. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातील मायकल आयसेन या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत माशीबद्दलचं एक पुस्तक हवं होतं, 'द मेकिंग ऑफ अ फ्लाय'. ॲमेझॉनवर पाहतात तर काय, दोन विक्रेत्यांकडे त्याची नवी प्रत आणि किंमत लाखो डॉलर! रोज पाहावं तर किंमत वाढलेली. शेवटी एका विक्रेत्याची किंमत २ कोटी ३६ लाख ९८ हजार ६५५ डॉलरपर्यंत गेली. वर टपालखर्च ३ डॉलर ९९ सेंट वेगळा!

झालं होतं असं. दोन्ही विक्रेत्यांच्या किमती संगणक ठरवत होता. पहिल्याचा संगणक रोज दुसऱ्याची किंमत बघायचा आणि तिला ०.९९८३ ने गुणायचा, म्हणजे तिच्यापेक्षा किंचित स्वस्त. दुसऱ्याचा संगणक पहिल्याची किंमत बघून १.२७०५८९ ने गुणायचा. दर फेरीला किंमत साधारण सव्वापट. सुरुवात १०० पासून धरली, तरी दहा फेऱ्यांत ती हजाराच्या वर जाते, गुणाकार करून पाहा. आयसेन यांचा अंदाज असा, की दुसऱ्या विक्रेत्याकडे ते पुस्तक नव्हतंच. ऑर्डर आली तर पहिल्याकडून घेऊन पाठवायचं, म्हणून त्याने किंमत चढी ठेवली असावी. दोघांपैकी एकाही माणसाने कित्येक दिवस आपल्या दुकानात डोकावून पाहिलं नाही.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट. उत्तर आयर्लंडमधल्या 'रिप्रायसर एक्सप्रेस' या कंपनीचं सॉफ्टवेअर ॲमेझॉनवरच्या विक्रेत्यांच्या किमती आपोआप बदलायचं. १२ डिसेंबर २०१४ च्या संध्याकाळी, नाताळाच्या ऐन गर्दीत, त्यात बिघाड झाला. सुमारे तासभर ब्रिटनमधल्या कितीतरी वस्तूंची किंमत झाली एक पेनी, म्हणजे आपला जवळजवळ एक रुपया! गिऱ्हाइकांनी भराभर ऑर्डरी दिल्या. बऱ्याचशा रद्द करता आल्या, पण काही पार्सलं निघूनही गेली होती. लहान लहान दुकानदारांचं हजारो पौंडांचं नुकसान झालं. कंपनीने माफी मागितली, पण गेलेला माल तो गेलाच.

पाहिलंत? संगणकाला साडी म्हणजे काय ते ठाऊक नसतं, पुस्तक म्हणजे काय तेही नसतं. त्याला फक्त आकडा कळतो. आकडा खरा आहे का, हे विचारणारा माणूस हवाच.

### पुन्हा इतवारीत

यंदा मी पुन्हा त्या दुकानात गेले. बाबांनी असं एक सॉफ्टवेअर घेतलं आहे. कोणतं ते सांगत नाही, नाहीतर जाहिरात होईल! पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, 'तुमच्याकडे किती साड्या आहेत?' वही म्हणाली २१४. कपाटातल्या मोजल्या तर २०९. दोन रात्री घरातली सगळी मोजत बसली तेव्हा हिशेब लागला. तीन साड्या नातेवाइकांना दिलेल्या होत्या, दोन गादीखाली होत्या!

आजींनीही दोन नियम घालून दिले आहेत. एक, दुकानात कोणी साडी घेतली, तर आधी संगणकातून कमी करायची आणि मगच घडी घालायची. दुसरा, ज्या नमुन्याची एकच साडी आहे ती एकाच बाजारात मांडायची. "मशीन किती बी हुशार असो," आजी म्हणाल्या, "जे एकच हाय ते तीन जागी काहून टांगायचं?"

मला हा नियम फार आवडला. तो कुठल्याही कंपनीने लिहून दिलेला नाही.

माझी विद्यार्थिनी आता पाचवीत गेली. दर रविवारी एक कप्पा मोजून संगणकाशी जुळवायचं काम तिच्याकडे आहे. या दिवाळीत एकही ऑर्डर रद्द झाली नाही, हे तिनेच मला सांगितलं. हैदराबादच्या बाईंनी दिलेली ती एक चांदणी अजून तिथेच आहे. बाबा म्हणतात, "राहू द्या. रोज दिसते, ते बरं आहे."

---

करून पाहा : बारकोडची गुपचूप बेरीज

दुकानात बारकोड पहिल्यांदा वाचला गेला तो २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, च्युइंगगमच्या पाकिटावर! आता घरातलं बिस्किटांचं किंवा साबणाचं पाकीट घ्या. पट्ट्यांखाली १३ अंक दिसतील. पुष्कळदा सुरुवात ८९० ने होते. हा क्रमांक भारतात नोंदवला आहे, अशी ती खूण.

शेवटचा, तेरावा अंक हा राखणदार असतो. तो असा काढतात :

१. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा, नववा आणि अकरावा अंक मिळवा.
२. दुसरा, चौथा, सहावा, आठवा, दहावा आणि बारावा अंक मिळवून बेरजेला ३ ने गुणा.
३. दोन्ही उत्तरं मिळवा. ती संख्या दहाच्या पटीत यायला किती कमी पडतात? तोच तेरावा अंक!

उदाहरण : ८९०१२३४५६७८९. पहिली बेरीज २८. दुसरी बेरीज ३४, गुणिले ३ म्हणजे १०२. एकूण १३०. कमी काहीच पडत नाही, म्हणून तेरावा अंक ०.

एखादा अंक चुकीचा वाचला गेला तर ही बेरीज जुळत नाही आणि यंत्र लगेच कुरकुरतं. घरातल्या पाच पाकिटांवर करून पाहा. आणि हो, जवळच्या एखाद्या दुकानदारकाकांना विचारा, "काका, तुमची वही कोण सांभाळतं?"